कोपरा कापलेल्या तबकड्या

३ मार्च, सोमवार

थोर माणसं संकटकाळात दैनंदिनी लिहितात. माझ्यावर संकट आज जेवणाच्या सुट्टीआधी आलं, म्हणून घरी येताना ही वही घेतली.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि बसा म्हणाले नाहीत, तेव्हाच ओळखलं. रेडिओ केंद्राच्या तळघरातला आमचा ध्वनिसंग्रह जूनपासून बंद. तिथं अधिकाऱ्यांच्या गाड्या लागणार. "आणि मी?" असं विचारलं, तर म्हणाले, "तुम्हाला हवामान विभागात घेऊ, तिथं माणूस कमी आहे." इतकी वर्षं मी या संग्रहाचा प्रमुख आहे. माझ्या हाताखाली एकच माणूस आहे हे खरं, पण प्रमुख तो प्रमुख. आता मी उद्या ढगाळ राहील असं लिहून देणार.

हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "हवामानात निदान उजेड तरी असेल. तळघरात बसून तुमचा रंग कसा झालाय बघा." बायकोला संस्थेचं दुःख कळत नाही.

५ मार्च, बुधवार

गाड्यांच्या जागेची मापं घ्यायला माणसं आली. मागच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट त्यांच्या आड येत होतं. त्याची किल्ली माझ्याही आधीपासून हरवलेली. हेडफोनने पान्याने कुलूप तोडलं. हेडफोन म्हणजे माझ्या हाताखालचा तो एकुलता एक माणूस, आमचा तंत्रज्ञ. पन्नाशी उलटली तरी कानांवरचं यंत्र उतरवत नाही, म्हणून सगळं केंद्र त्याला तसंच म्हणतं.

कपाटात एक लष्करी घोंगडी होती आणि तिच्यात गुंडाळलेल्या काचेच्या चौदा तबकड्या. युद्धात धातू मिळेनासा झाला, तेव्हा काचेवर काळा लेप चढवून त्यावर ध्वनिमुद्रण करत. प्रत्येक पाकिटावर शाईने दोनच शब्द: दूरची ताई.

मी ते दोनदा वाचलं. दूरची ताई म्हणजे युद्धातला सगळ्यांत लाडका आवाज. खंदकात बसलेल्या पोरांनी तिला हे नाव दिलं, कारण गाणं ऐकू यायचं घरच्यासारखं आणि यायचं फार लांबून. माझे वडील तिचं गाणं लागलं की अर्धी दाढी तशीच ठेवून रेडिओपाशी उभे राहत. तिची सगळी गाणी बाजारात कधीच येऊन गेली, असं समजलं जात होतं. आणि इथं चौदा तबकड्या, माझ्या तळघरात.

एक गोष्ट चमत्कारिक वाटली. प्रत्येक पाकिटाचा एक कोपरा कात्रीने कापलेला आहे. हेडफोन म्हणाला, "सर, कोपरा कापलाय म्हणजे बहुतेक..." मी त्याला हाताने थांबवलं. अशा क्षणी तंत्रज्ञाने मध्ये बोलू नये.

११ मार्च, मंगळवार

दोन दिवस तबकड्या ऐकतो आहे. गाणं थांबलं की हेडफोनला लगेच सुई उचलायला लावतो, तबकडी झिजायला नको. हा आवाज आपल्या ओळखीचा नाही. बाजारातल्या गाण्यांमध्ये ताई कशी सरळ, स्वच्छ गाते. इथं आवाज जड आहे, कापतो आहे, एका ठिकाणी तर चक्क फाटतो. तिसऱ्या गाण्यात ती ओळीच्या मध्येच थांबते आणि पुढं गातच नाही. ती जागा मी चारदा ऐकली. ही हुतात्म्यांसाठी सोडलेली जागा आहे, दुसरं काय असणार?

आंघोळ करताना सगळं एकदम उलगडलं. ही गाणी सर्वसामान्य श्रोत्यांसाठी नव्हतीच. ती रुग्णालयातल्या जखमी सैनिकांसाठी होती. म्हणून तो हळवा कंप, म्हणून ती वेगळी पाकिटं आणि म्हणूनच तो कापलेला कोपरा. ओल्या अंगाने बाहेर येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "आधी पंचा गुंडाळा."

१४ मार्च, शुक्रवार

साहेब आता बसा म्हणतात.

आज समीक्षकांना बोलावून ऐकवलं. वर्तमानपत्रात दर रविवारी लिहिणारे ते हेच. तिसऱ्या गाण्यातल्या जागेला त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले, "गाणं थांबतं तिथं तिची कला सुरू होते." हे वाक्य त्यांनी लगेच लिहूनही घेतलं. साहेबांनी तिथल्या तिथं ठरवलं. मे महिन्यात मोठा समारंभ, गाण्यांचा संच, मंत्री. गाड्यांचं नंतर बघू. संचाला नाव मी सुचवलं, 'जखमांवरची फुंकर'. समीक्षकांनी मान डोलावली. ते नाव आपणच सुचवलं असं ते घरी जाऊन सांगणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

२० मार्च, गुरुवार

साफसफाई चालू. खरखर काढणं हे नाजूक काम आहे आणि ते मी हेडफोनकडून बारकाईने करून घेतो आहे. तो मध्येच म्हणाला, "सर, गाणं संपल्यावर पुढं बरंच बोलणं आहे. जवळजवळ सगळ्याच तबकड्यांवर." मी विचारलं, "बोलणं म्हणजे गाणं का?" म्हणाला, "नाही." मग काढून टाका, म्हटलं. संग्रह करणाऱ्याला काय ठेवायचं यापेक्षा काय टाकायचं हे कळलं पाहिजे. चौदाव्या तबकडीवर तर म्हणे गाणंच नाही, नुसती बडबड. ती बाजूला ठेवली. संच तेरा गाण्यांचा होईल.

विधी विभागाने मात्र मोडता घातला. ताई हयात असल्याचं त्यांनी शोधून काढलं. नव्वदीच्या आहेत, भाचीकडे राहतात. त्यांच्या सहीशिवाय संच काढता येणार नाही. मला वाटलं होतं, एवढी थोर कलावंत म्हणजे केव्हाच गेली असणार.

२७ मार्च, गुरुवार

पुष्पगुच्छ घेऊन ताईंकडे गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. भाची कुठल्याशा शाळेत मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी आत नेलं. ताई खिडकीपाशी बसून आवाज बंद करून टीव्हीवर कुस्ती बघत होत्या. आवाज का बंद, विचारलं, तर म्हणाल्या, "बोलणारा बेसूर आहे."

मी बरोबर नेलेल्या यंत्रावर पहिलं गाणं लावलं. चार ओळी त्यांनी ऐकल्या. मग म्हणाल्या, "बंद करा. हे कुठं मिळालं तुम्हाला?"

"आमच्या संग्रहात, ताई. राष्ट्राचा ठेवा आहे."

"ठेवा कसला? टाकलेलं आहे ते. मला सर्दी झाली होती."

मी आदराने हसलो. त्यांनी मग सगळं समजावलं, लहान मुलाला सांगावं तसं. चांगली तबकडी झाली की कारखान्यात जायची, तिच्यावरून हजारो प्रती निघायच्या. बिघडली की पाकिटाचा कोपरा कापायचा, म्हणजे चुकून बाहेर जायला नको. मग ती मोडायची, म्हणजे लेप खरवडून काढायचा आणि काच परत वापरायची, कारण काचही मिळत नव्हती. "चांगल्या होत्या त्या सगळ्या गेल्या," त्या म्हणाल्या. "मागं राहिलं ते नासकं. तुम्ही नासकं उचलून आणलंय."

"आणि तिसऱ्या गाण्यातली ती शांतता?" मी विचारलं.

"उचकी लागली होती."

थोरांचा विनय असतो हा. मी सहीचा कागद पुढं केला. त्यांनी तो माझ्याकडेच सरकवला. "हे बघा," त्या म्हणाल्या, "पोरं मरत होती तिकडं. त्यात माझ्या हातात काय होतं? त्यांच्या कानावर खराब सूर जाऊ द्यायचा नाही, एवढंच. दहादा घ्यावं लागलं तर दहादा घेतलं. एकही जाऊ दिला नाही. माझ्या आयुष्यात नाव घेण्यासारखं तेवढंच एक आहे, आणि तुम्ही ते मोडायला आलात."

भाचीने मला दारापर्यंत सोडलं. म्हणाल्या, "ती नाही म्हणाली की नाहीच असतं." मला वाईट वाटलं, हे लिहिलं पाहिजे. पण नव्वदीतल्या स्मरणशक्तीवर किती विसंबायचं, हाही प्रश्न आहेच. शिवाय निमंत्रणपत्रिका छापायला गेल्या आहेत.

२ एप्रिल, बुधवार

साहेबांना ताईंचं म्हणणं सांगितलं. साहेब म्हणाले, "म्हणजे सगळा संच चुकांचा आहे?" मी म्हणालो, "कापलेल्या कोपऱ्याबद्दल दोन मतं आहेत." समीक्षकांना फोन लावला. ते जराही डगमगले नाहीत. कलावंताला स्वतःच्या कलेतलं काय कळतं, असा त्यांचा सवाल आहे. यावर त्यांचा लेख रविवारी येणार.

पण सही ती सहीच. साहेब शेवटी म्हणाले, "सही आणा, नाहीतर हवामानात खुर्ची तयार आहे." रात्री जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "त्या बाईंना नको आहे ना? मग सोडा की. एवढं साधं आहे." माझ्या नोकरीतलं काहीही हिला साधंच वाटतं.

७ एप्रिल, सोमवार

ताईंच्या भाचीचा स्वतःहून फोन. ताई गेले आठ दिवस एकच विचारताहेत, की टाकलेल्या तबकड्या राहिल्या कशा? खरवडायचं काम एकाच माणसाचं होतं, त्या वेळच्या ध्वनिमुद्रकाचं. त्याला सगळे घुम्या म्हणत, कारण दिवसभरात तो चार शब्द बोलायचा, आणि त्यातले दोन "पुन्हा घ्या" असत. ताई विचारायच्या, "मोडलीत का ती कालची?" तो म्हणायचा, "मोडली."

"मावशीला मूळ तबकड्या ऐकायच्यात," भाची म्हणाल्या. "तुम्ही आणलेल्या प्रतीत शेवट नाहीत, असं तुमच्या तंत्रज्ञांकडून कळलं."

मी ताबडतोब होकार दिला. एकदा केंद्रात आल्या, खुर्चीत बसल्या, चहा झाला की सही होते. माणसांशी कसं वागायचं हे मला कळतं.

१२ एप्रिल, शनिवार

आजचं सविस्तर लिहितो, कारण आज मी संस्था वाचवली.

ताई आल्या. जिना उतरायला फार वेळ लागला, पण खुर्चीतून उचलून न्यायला त्यांनी साफ नकार दिला. हेडफोनने उठून त्यांना आपली खुर्ची दिली आणि, मी पहिल्यांदाच पाहिलं, कानांवरचं यंत्र काढून ठेवलं. मग पहिली मूळ तबकडी लावली.

गाणं झालं. शेवटच्या ओळीत सूर चिरकला. मग सणसणीत शिंक आली आणि त्यामागून तरुण बाईचा आवाज, "मेलं हे नाक." मग हसू. बराच वेळ हसू. मग लांबून पुरुषाचा आवाज: "पुन्हा घ्या." ती म्हणते, "घेते हो. जरा दम तरी खाऊ द्या. तुम्हाला काय, तुम्ही नुसते बसलेले." ती पाणी पिते, खुर्ची सरकवते, धाकट्या भावाचं पत्र आलं नाही म्हणून सांगते, काहीतरी गुणगुणते. असं तबकडी संपेपर्यंत.

"सुई उचललीच नाही त्यानं," हेडफोन म्हणाला. "गाणं बिघडलं की लगेच उचलायची असते. इथं अगदी आतल्या कडेपर्यंत कापत गेली आहे."

दुसरीवरही तेच आणि तिसरीवरही. तिसऱ्या गाण्यातल्या त्या जागेनंतर खरंच उचकी आहे. समीक्षकांना हे सांगणं अवघड जाणार. एका तबकडीवर ती त्याला विचारते, "तुम्हाला माझं गाणं आवडत नाही ना? खरं सांगा." मग बराच वेळ नुसती खरखर. शेवटी तो म्हणतो, "पुन्हा घ्या." इथं ताईंनी हात वर केला, तबकडी थांबवायला लावली, आणि तेवढंच परत लावायला सांगितलं. नंतर आणखी एकदा.

चौदावी, ती बिनगाण्याची, सर्वांत शेवटी लागली. बाहेर हवाई हल्ल्याचा भोंगा झाला असावा, कारण ती म्हणते, आता सुटका नाही, बसा इथंच. मग ती मोजा विणते आहे, टाके मोजते आहे, चुकते, पुन्हा मोजते. तिला यंत्र चालू असल्याचं ठाऊकच नाही. शेवटाकडे तिच्या लक्षात येतं. "अहो, हे चालू आहे की काय? काच वाया घालवता? ही पण मोडणार ना?"

"उद्या मोडतो," तो म्हणतो. तिथं तबकडी संपली.

मला तर रागच आला. युद्धकाळ, काचेचा तुटवडा, आणि हा माणूस राष्ट्राच्या साहित्यावर बायकांची बडबड उतरवत बसला होता. वर मोडली म्हणून खोटं सांगितलं, आणि सरकारी घोंगडीत गुंडाळून सरकारी कपाटात लपवून ठेवलं. माझ्या हाताखाली असता तर खुलासा मागवला असता. तसं मी ताईंना बोलूनही दाखवलं.

ताई म्हणाल्या, "युद्ध संपलं आणि तो बदली घेऊन गेला. निरोप घ्यायलासुद्धा आला नाही. मला वाटलं, पुन्हा घ्या म्हणून म्हणून कंटाळला असेल मला."

"कुठं गेले ते नंतर?" हेडफोनने विचारलं.

"वारला. लवकरच. मला फार उशिरा कळलं." मग भाचीकडे बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही पोरी मला विचारायच्या, मावशी, तू लग्न का नाही केलंस? मी म्हणायचे, कुणी विचारलंच नाही. मग काय सांगणार होते?"

भाचींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ताई रडत होत्या का हसत होत्या, तळघरातल्या दिव्यात नीट दिसलं नाही. हेडफोन उगाच तारा गुंडाळत होता. मी योग्य वेळ साधून सहीचा कागद पुढं केला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "संच काढायचाच आहे तुम्हाला?"

"तारीख ठरली आहे, ताई. मंत्री येणार आहेत."

"मग असं करा. गाणी तुम्ही घ्या, शेवट मला द्या. ती चौदावी सबंध माझी. पण शेवटातला एक शब्द बाहेर जायचा नाही. तुमच्याकडेही प्रत ठेवायची नाही."

"ताई," हेडफोन म्हणाला, "मग ती खराब गाणी तुमच्या नावावर जातील."

"जाऊ देत," त्या म्हणाल्या. "सर्दी झाली होती, एवढंच कळेल लोकांना."

मी क्षणाचाही विलंब लावला नाही. म्हणजे बघा, तेरा गाणी आम्हाला, आणि जो केरकचरा आम्ही आधीच काढून टाकलेला तो त्यांना. इतका फायद्याचा व्यवहार या केंद्राच्या इतिहासात झाला नसेल. त्यांनी सही केली, हात न कापता, सुरेख.

१९ मे, सोमवार

समारंभ काल पार पडला. मंत्री उशिरा आले, पण आले. समीक्षक अर्धा तास बोलले. तिसऱ्या गाण्याच्या वेळी सभागृह त्या शांततेत उभं राहिलं, काहींनी डोळे पुसले. ताई आल्या नाहीत. हेडफोनही आला नाही, रजा टाकली होती. संग्रह वाचला. गाड्या मागच्या अंगणात लागणार, आणि माझ्या दारावर पितळी पाटी येणार आहे.

दुपारी आभार मानायला ताईंच्या भाचीला फोन केला. ताई कशा आहेत, विचारलं. त्या म्हणाल्या, "मजेत आहे. सकाळी उठल्या उठल्या ती चौदावी लावते. तो 'उद्या मोडतो' म्हणाला की त्याला उत्तर देते. रोज वेगळं." मी म्हटलं, या वयात असं होतं, एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवून घ्या. भाचींनी लगेच फोन ठेवला. कामाची घाई असेल.

संध्याकाळी हा सगळा व्यवहार हिला प्रथमच नीट सांगितला, कसा मी शेवट देऊन गाणी मिळवली ते. ही भाजी निवडत होती. निवडता निवडता थांबली. म्हणाली, "सगळ्या जगाला तिचं चांगलं दिलं, आणि स्वतःला चुकलेलं ठेवलं त्यानं."

"नियमाविरुद्ध," मी म्हणालो.

मग भाजी बाजूला सारून हिने विचारलं, "अहो, तुम्ही माझं काय ठेवलंय?"

हा प्रश्न मला आवडला, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी म्हणालो, "सगळं. विम्याची कागदपत्रं, मूळ दाखले, गुडघ्याचे एक्स-रे, सगळं वर्षवार लावलंय. कपाटात वरच्या कप्प्यात आहे." ही उठून आत गेली. भाजी तशीच पडली होती, ती मी निवडून ठेवली.